परवा आणि परवाइल्ला

भावाच्या छातीत मी बुक्की मारली तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते. वेळ पक्की लक्षात आहे, कारण नंतर दिवसभर मला सगळ्यांना ती सांगावी लागली. दुपारपर्यंत ज्यांनी विचारलं त्यांना मी खोटंच सांगितलं, की बुक्की वगैरे काही नाही, चक्कर येऊन पडला.

रविवार होता. चेन्नईत पेरुंगुडीला चौथ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट. मी मोटारीच्या इंजिनांचं ओतकाम होतं त्या कारखान्यात तपासणीवर, भाऊ समोरच्याच रस्त्यावर कॉम्प्युटरच्या कंपनीत. तो एकतीस वर्षांचा, मी पस्तिशीची. माझं लग्न मोडलेलं, त्याचं ठरत नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी नुंगंबाक्कमहून एक मराठी कुटुंब त्याला बघायला येणार होतं. मी सकाळपासून नारळ खवत बसले होते. हा आतून आला, टेबलाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "त्यांना येऊ नका म्हणून कळवलंय मी."

"कधी?"

"काल."

"कुणाला विचारून?"

"ताई, आज नको ना. आज भांडायला नको."

आता मला कुणी भांडायला नको म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हा माझा स्वभाव आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. कारखान्यात मी एकदा एका सुपरवायझरच्या दिशेनं हेल्मेट भिरकावलंय. भिंतीला तडा गेलेला पार्ट पास करा म्हणत होता मेला. घरात तर काय, वाट्या, चमचे, एकदा डाळीसकट कुकर. भाऊ खाली वाकायला शिकला होता. पण त्या दिवशी तो वाकेना, बोलेना, नुसता टेबलाची कड धरून उभा. मला वाटलं, नाटकं करतोय. मी खोबऱ्याची परात उचलून फेकली. ती त्याच्या खांद्याला लागून उघड्या दारातून खणाणत जिन्यापर्यंत गेली. मग मी ते वाक्य बोलले.

"बापाला खाल्लंस, आता मलाही खा. म्हणजे सुटशील."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत नव्हते. प्रत्येक मोठ्या भांडणात ते माझ्या तोंडून यायचं. दुसरं काहीही बोलले तरी तो हसण्यावारी न्यायचा. हे वाक्य आलं की मात्र त्याचा चेहरा पांढरा पडायचा आणि भांडण मी जिंकायचे. त्या दिवशी पहिल्यांदा तो उलटला. मिक्सरचं भांडं उचलून त्यानं माझ्या पायाशी आपटलं. पाती उडाली, माझी पोटरी चिरली. त्यानं माझं मनगट पिरगाळलं आणि ओरडला, "किती वेळा मारशील गं मला? किती वेळा?" मी दुसऱ्या हाताची मूठ वळली आणि त्याच्या छातीत, मधोमध, होती नव्हती तेवढी ताकद लावून हाणली.

तो माझ्याकडे बघत होता. बघता बघता डोळे वर गेले आणि तो सरळ मागे पडला. डोकं फ्रिजवर आपटलं. मला तेव्हा काय दिसलं ते सांगते. मला भाऊ दिसलाच नाही. मला बाबा दिसले.

आम्ही इचलकरंजीचे. बाबा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारे. हातात कसब होतं आणि त्याच हातात राग. मागाचा चामडी पट्टा घरी आणून खुंटीला टांगलेला असायचा आणि तो कशासाठी हे आम्हा दोघांना पाठीवरून माहीत होतं. मी सोळा वर्षांची, भाऊ बारा. सुट्टीचे दिवस, मागची मोरी, आई बाजारात. भावानं काय केलं होतं तेही आठवत नाही आता, काहीतरी फुटकळच. बाबा त्याला मोरीच्या कोपऱ्यात घालून मारत होते. पट्टा वर जायचा, खाली यायचा, हा ओरडायचाही थांबला होता. मग त्यानं दोन्ही हातांनी बाबांच्या छातीवर धक्का दिला, बाबा धुण्याच्या दगडापाशी पडले आणि परत उठलेच नाहीत. बेचाळीस वर्षांचा माणूस, त्या सकाळी दोन भाकऱ्या खाल्लेला.

काय झालं हे लोकांना मी सांगितलं. भाऊ बोलण्याच्या अवस्थेत नव्हता. मी सांगितलं, "यानं ढकललं." काकांनी ते मानलं, आईनं मानलं, गल्लीनं मानलं. बारा वर्षांच्या पोरावर कोण पोलिसांत जातं? पाय घसरून पडले म्हणाले आणि दुपारीच आटोपलं. पण घरात आई मरेपर्यंत त्याच्या हातचं पाणी प्यायची नाही. मी मात्र त्याला सोडलं नाही. शिकवलं, पुढे चेन्नईला माझ्याकडे आणलं, आणि अधूनमधून ते वाक्य हाणत राहिले.

फ्रिजपाशी तो अर्धा मिनिट पडला असेल. मी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, कानशिलात मारलं, "ऊठ रे! ऊठ मेल्या!" म्हणून केस धरून हलवलं. त्यानं डोळे उघडले. वॉचमननं आणि मी मिळून त्याला ऑटोत घातलं आणि अड्यारच्या एका हॉस्पिटलात नेलं. ऑटोवाला सिग्नलला थांबला तेव्हा मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. त्यानं तमिळमधून माझा उद्धार केला, पण सिग्नल तोडला.

तिथं पोचल्या पोचल्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, छातीवर वायरी, दंडातून रक्त. छातीच्या मधोमध माझी मूठ लाल उमटली होती. ड्यूटीवरच्या पोरसवदा डॉक्टरनं तिकडे बोट केलं. "पडताना टेबल लागलं," मी म्हटलं. एक नर्स फाइल घेऊन उभी होती. तिनं भावाला आधी इंग्रजीत, मग तमिळमधून विचारलं, दुखणं कधी सुरू झालं? मास्कच्या आतून भाऊ म्हणाला, "परवा... परवा..." आणि पुढे त्याला दम पुरला नाही.

नर्स म्हणाली, "परवाइल्लया? ओके, ओके," आणि तिनं लिहून टाकलं.

चेन्नईत राहिलेल्या माणसाला 'परवाइल्ला' सांगायला नको. असू दे, काही हरकत नाही, ठीक आहे, या सगळ्याला इथं तो एकच शब्द. माझ्या भावाला तर त्याचा नादच होता. ऑटोवाल्यानं चुकीच्या वळणावर सोडलं, परवाइल्ला. मी आमटी खारट केली, परवाइल्ला. कितीदा तरी घाईत शेपूट गिळून नुसतं 'परवा' म्हणायचा. मी त्याच्या उशाशी उभी होते. मीही तेच ऐकलं. मनात म्हटलं, इथंसुद्धा परवाइल्ला म्हणतोय गाढव, आणि त्याही स्थितीत मला त्याचा राग आला.

दुपारी तीनच्या सुमारास मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. पन्नाशीच्या, केसांत मोगरा, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. माझं आडनाव वाचून एकदम मराठी बोलायला लागल्या. आधी मला कळेचना. शब्द मराठी, चाल तमिळ, आणि शब्दही असे की पोथीतून उठून आल्यासारखे. तंजावरकडच्या मराठी घरातल्या होत्या, पिढ्यान् पिढ्या इकडच्याच.

"बसा बरें," म्हणाल्या. "भावाच्या रक्तांत ट्रोपोनिन मिळालें. वर आहे."

मी विचारलं, ते काय असतं? त्यांनी सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं, की हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं, तो उपाशी राहिला, की त्याच्या पेशी तुटतात आणि आतला हा पदार्थ रक्तात सांडतो. रक्तात तो सापडला म्हणजे आत इजा झाली.

"इजा म्हणजे... मार लागूनही?"

"छातीस मोठा मार लागला तरी चढतें. होय."

मी दोन्ही मुठी टेबलावर ठेवल्या. त्या माझ्या वाटत नव्हत्या. म्हटलं, "मी मारलं. टेबल नाही लागलं. मी मारलं त्याला. बुक्की. आमच्या घरात असंच आहे, हातानं बोलतात सगळे. मरतोय का तो? मी मारलं का त्याला?" मला ओरडायचं नव्हतं, पण मी ओरडत होते. बाहेरून कुणीतरी दार लोटून बघितलं.

"उगी राहा," त्या म्हणाल्या. दरडावून नाही, पण मी गप्प झाले. "किती वाजतां मारलें?"

"सव्वानऊ."

"पहिलें रक्त साडेदहास काढलें. तासाभरांत इतकें चढत नाही. आणि दुपारचें दुसरें रक्त पाहा. आज सकाळचा मार असता तर दिवसभर चढतच गेलें असतें. हें उतरतें आहे." त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. "म्हणजे आंत जें झालें तें आजचें नाही. आधींचें. पण इथें लिहिलें आहे, आधीं दुखत नव्हतें, रोगी ठीक म्हणतो. तुम्हांस पुसतें, ते नक्की काय बोलले?"

"परवाइल्ला म्हणाला."

"परवाइल्ला म्हणाले, की परवा म्हणाले?" त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. "आमच्या घरांत दोन्ही शब्द चालतात हो. म्हणून पुसतें."

मी ताडकन उठले. खुर्ची मागे पडली.

परवा. शुक्रवारी. शुक्रवारी तो ऑफिसच्या पोरांबरोबर फुटबॉल खेळून आला होता, न जेवता झोपला होता. शनिवारी सकाळी जिन्यात मधेच बसला होता आणि मी त्याला म्हातारा म्हणून चिडवलं होतं. शनिवारीच त्यानं त्या लोकांना येऊ नका म्हणून सांगितलं. भ्याला होता तो. कुणाच्या पोरीला कशाला फसवायचं म्हणून भ्याला होता, आणि मी त्याच्यावर परात फेकली.

पण हे कळल्यावर मी काय केलं? शहाणी असते तर भावाकडे गेले असते. मी गेले नर्सवर. कॉरिडॉरमध्ये तिला गाठलं, हातातली फाइल हिसकावली, ट्रे उडाला, कापूस, सुया, सगळं फरशीवर. "काय लिहिलंस तू? काय लिहिलंस? माझा भाऊ मेला असता तर?" तिचा दंड मी इतका आवळला की माझी बोटं उमटली. दोन रखवालदार धावत आले, त्यांतल्या एकाला मी कोपर मारलं. नर्स माझ्याहून वीतभर बुटकी, विशीतली. तिनं दंड सोडवून घेतला नाही. माझ्या डोळ्यांत बघत तमिळमधून म्हणाली, तुम्हीच तर शेजारी उभ्या होतात ना? तुमचीच भाषा ना ती? तुम्हाला का नाही ऐकू आलं?

मला तमिळ पुरेसं येतं. मी हात सोडला. खाली बसून सुया वेचायला लागले, तर तिनं माझा हात झटकला. वापरलेल्या सुयांना हात लावायचा नाही म्हणाली.

पुढचे दोन दिवस तपासण्यांचे. रक्तवाहिन्यांत रंग सोडून बघितलं. कुठं काही तुंबलेलं नाही, नळ्या स्वच्छ. हृदयावर ताण पडला की रक्तात वाढतं असं आणखी एक काहीतरी असतं, तेही वाढलेलं. मग सोनोग्राफीसारखं यंत्र छातीवर फिरवलं आणि डॉक्टरीणबाईंनी मला पडदा दाखवला. दोन कप्प्यांमधली भिंत. जिथं बोटाएवढी पाहिजे तिथं दोन बोटं जाड. कारखान्यात मी दिवसभर भिंतींची जाडीच मोजते, मला समजवावं लागलं नाही. भिंत एवढी जाड की तिलाच रक्त पुरत नाही. पळताना, चिडताना, भिताना तर नाहीच नाही. नळ्या मोकळ्या असून स्नायू उपाशी. हे घराण्यातून येतं, म्हणाल्या. आईबापांतून.

"घरांत कुणी अकस्मात गेलें काय?"

"वडील. बेचाळिसाव्या वर्षी. भावाला मारताना. त्यानं ढकललं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी एका दमात विचारलं, मग ते धक्क्यानं गेले की ह्या आजारानं?

"तें मला सांगतां येत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचें रक्त कुणी पाहिलें नाही. ते बसल्या जागीं गेले असते. मारतां मारतां स्वतःच्या रागानें गेले असते. धक्क्यानें गेले असते. आतां कोण सांगणार?"

मला हवं ते उत्तर त्यांनी दिलं नाही, म्हणून मला त्यांचाही राग आला. मग माझी तपासणी. भावंडांची करतातच. माझी भिंत सरळ निघाली, अगदी मापात. भावाला बापाचं हृदय आलं. मला बापाचा हात आला.

ठरलं असं, की भावाच्या छातीत कातडीखाली एक यंत्र बसवायचं. ठोके बिघडले की ते आतूनच झटका देतं. भाऊ ऐकून हसला. "म्हणजे आता बुक्की आतूनच," म्हणाला. "तुझी सुट्टी, ताई." मला हसू आलं नाही. तो मास्कशिवाय उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, छातीवर माझी मूठ आता हिरवी पडलेली. दुपारचं ऊन पलंगावर आलेलं. मी पडदा ओढला, परत उघडला. उगाचच त्याच्या चादरीला हिसका दिला.

"डॉक्टर काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं. "बाबांचं?"

दोन दिवस तो हेच विचारायचं टाळत होता हे मला माहीत होतं. एकतीस वर्षांच्या माणसाचा आवाज बाराव्या वर्षाचा झाला होता. मी खोटं बोलू शकले असते. तो आजार होता, तुझा काही संबंध नाही, डॉक्टर म्हणाल्या, असं एक वाक्य आणि पोरगा सुटला असता. तोंडापर्यंत आलंही. पण मग मी सुटले नसते.

"सांगता येत नाही म्हणाल्या," मी म्हटलं. "पण मला एक सांगता येतं. तू एकट्यानं नाही केलंस."

तो उशीवरून पुढे सरकला.

"तू ढकललंस त्याच्या आधी मी मारलं. मागून. मोरीतलं धोपाटणं घेतलं आणि बाबांच्या पाठीत घातलं. दोन्ही हातांनी. ते कळवळले, मागे वळायला लागले, म्हणून तुला धक्का मारता आला. आणि पडल्यावर मी धोपाटणं धुतलं, दगडामागे ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं की यानं ढकललं." माझा आवाज चढत होता, मी थांबवू शकत नव्हते. "आणि एवढ्या वर्षांत प्रत्येक भांडणात मी ते तुझ्यावर फेकलं, कारण तुझ्यावर होतं तोवर माझ्यावर येत नव्हतं. कळलं? हलकट आहे मी. मार मला. ऊठ, मार, त्या पट्ट्यानं मारायला पाहिजे मला!"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत!"

"ताई, मला माहितीय."

"काय माहितीय?"

"आवाज ऐकला होता मी," तो म्हणाला. "धोपाटण्याचा. बाबांच्या खांद्यावरून तू दिसत होतीस मला. केस सुटलेले तुझे."

"माहीत होतं? तेव्हापासून?"

"हं."

"मग बोलला का नाहीस? आई तुझ्या हातचं पाणी प्यायची नाही! मी तुला बापाला खाल्लंस म्हणायचे, तेव्हासुद्धा बोलला नाहीस? शुक्रवारी दुखत होतं तेही बोलला नाहीस! तोंड शिवलंय का तुझं?" मी त्याचा दंड धरून गदागदा हलवला आणि मग घाबरून सोडून दिला. वायरींना लागलं नाही ना ते बघितलं.

तो खिडकीकडे बघत होता. "त्या दिवशी मी मेलोच असतो गं," म्हणाला. "ते थांबणार नव्हते. तू मारलंस म्हणून थांबले. मग तुझं नाव कसं सांगू?"

मी पलंगाच्या काठावर बसले आणि भोकाड पसरून रडले, लाज न बाळगता, शेजारच्या पलंगावरची म्हातारी उठून बसेपर्यंत. ती बुटकी नर्स आत आली. हातात उद्याच्या ऑपरेशनच्या कागदांचा गठ्ठा. माझ्याकडे बघून एक पाऊल लांबच थांबली. भावानं तिच्याकडे बघून हात हलवला आणि काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालास?" मी नाक पुसत ओरडले. "परवा म्हणालास का? परत दुखतंय? नीट बोल! पूर्ण शब्द बोल!"

नर्सही पेन उघडून थांबली होती.

त्यानं माझ्या मुठीवर हात ठेवला. ती अजून वळलेलीच होती. "परवाइल्ला, ताई," तो म्हणाला, एकेक अक्षर सुटं करून. "पर-वा-इल्-ला."